शांत एअर कॉम्प्रेसर: तेलविरहित की तेलाचा?

एअरब्रशने, म्हणजे कॉम्प्रेसरच्या दाबलेल्या हवेने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनाने, छोटी मॉडेल्स रंगवायला साधारण १५ ते २५ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब पुरतो, त्यामुळे ताकदीपेक्षा आवाज आणि देखभाल यांचाच विचार अधिक करावा लागतो. तीन लिटर टाकीचा तेलविरहित पिस्टन कॉम्प्रेसर हलका आणि स्वस्त असतो, टाकी भरली की आपोआप थांबतो आणि दाब उतरला की पुन्हा सुरू होतो. मात्र तो चालू असताना होणारी खडखड, खाली जाड रबरी चटई घातली तरी, रात्रीच्या शांततेत बाजूच्या खोलीत जाणवते.

तेलाचा, म्हणजे आत वंगणाचे तेल असलेला, बंद धातूच्या डब्यातला कॉम्प्रेसर फ्रिजसारखा मंद घुमतो आणि माझ्या मते फ्लॅटमध्ये रात्री रंगवणाऱ्याने जास्तीचे पैसे यावरच खर्च करावेत. अर्थात तो जड असतो, नेताना आडवा करता येत नाही, तेलाची पातळी वेळोवेळी पाहावी लागते आणि तेलाचे सूक्ष्म थेंब रंगात उतरू नयेत म्हणून चांगला फिल्टर लावावाच लागतो.

पाण्याच्या बाबतीत दोघेही सारखेच आहेत: कोकणातल्या पावसाळ्यात दमट हवा दाबली गेली की टाकीत पाणी साचते, म्हणून ओलावा अडवणारा ट्रॅप हवा आणि काम संपल्यावर टाकीखालचा स्क्रू उघडून पाणी काढावे.