पऱ्हाटीवर (कापसाच्या वाळक्या काड्यांवर) चालणारा गॅसिफायर: ड्रायरला चालेल, हायड्रोजनला नाही

जळगावकडच्या डाळमिलच्या ड्रायरला जोडायचा असेल तर हा डाउनड्राफ्ट गॅसिफायर (काड्या कमी हवेत जाळून जळाऊ गॅस बनवणारं, गॅस खालून काढणारं यंत्र) घ्यायला हरकत नाही. हायड्रोजनसाठी घेत असाल तर थांबा. हवेवर चालणाऱ्या यंत्राच्या गॅसमध्ये हायड्रोजन साधारण १५ ते २० टक्के, कार्बन मोनॉक्साइड जवळपास तेवढाच आणि निम्मा तर नुसता नायट्रोजन. शुद्ध हायड्रोजन काढायचा तर हवेऐवजी ऑक्सिजन किंवा वाफ हवी, पुढे शिफ्ट रिअ‍ॅक्टर (कार्बन मोनॉक्साइड आणि वाफेपासून आणखी हायड्रोजन बनवणारा), मग पीएसए (दाबाखाली बाकीचे वायू शोषून हायड्रोजन वेगळा करणारी यंत्रणा). माहितीपत्रकात यातलं काहीच नाही, ‘ग्रीन हायड्रोजन’ मात्र ठळक छापलंय!

खरी कटकट पऱ्हाटीची. सालीचे तंतू एकमेकांत गुंतून हॉपरमध्ये (काड्या टाकायच्या पेटीत) कमान धरतात, खाली पोकळी होते, तापमान पडतं आणि न जळलेलं डांबर थेट फिल्टरमध्ये जातं. दोन-अडीच इंचांचे तुकडे करा, ओल १५ टक्क्यांच्या आत ठेवा. मुळं छाटूनच टाका. काळ्या मातीसकट गेली की जाळीवर खंगर (वितळून घट्ट झालेल्या राखेचा थर) धरतो. जाळी हलवायचा दांडा दणकट आहे, ही जमेची बाजू. कार्बन मोनॉक्साइड गळतीचा अलार्म सोबत येत नाही. तो बसवल्याशिवाय पेटवू नका, या विषारी वायूला वास नसतो.