आयगॉट कर्मयोगी: अभ्यासक्रम उत्तम, मात्र सराव फाइलवरच

केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 सप्टेंबर 2020 रोजी मंजूर केलेल्या मिशन कर्मयोगीचा मुख्य आधार म्हणजे आयगॉट हे शासकीय कर्मचाऱ्यांसाठीचे ऑनलाइन प्रशिक्षण व्यासपीठ. आस्थापना शाखेत काम करताना नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक लिपिकाला मी त्याची मनापासून शिफारस करते. पूर्वी पुण्याच्या यशदात किंवा विभागीय संस्थेत प्रशिक्षणासाठी नाव लागेपर्यंत वाट पाहावी लागे आणि तोवर नवा माणूस जुन्या फाइली चाळत बसे. आता सायबर सुरक्षेपासून टिपणी-मसुदा लेखनापर्यंतचे विषय त्याला मोबाइलवर, विनामूल्य आणि आपल्या सवडीने शिकता येतात. चित्रफिती आटोपशीर आहेत, शेवटी चाचणी आणि प्रमाणपत्र आहे. मराठीतील साहित्य मात्र आणखी वाढायला हवे, कारण तालुका पातळीवरच्या कर्मचाऱ्याला त्याचीच सर्वाधिक गरज आहे.

तथापि ई-ऑफिस या शासकीय फाइलींच्या संगणकीय प्रणालीवर प्रत्यक्ष फाइल हाताळण्याचे कौशल्य केवळ चित्रफीत पाहून येत नाही. हिरवी, म्हणजे पक्की टिपणी फाइलसोबत एकदा पुढे गेली की तिच्यात दुरुस्ती करता येत नाही. पिवळी, म्हणजे कच्ची टिपणी मात्र बदलता येते, काढून टाकता येते आणि पक्की केली की हिरवी होते. हा फरक अभ्यासक्रमात सांगता येईल, परंतु न्यायालयीन प्रकरणाच्या फाइलवर आधी पिवळ्यात लिहून साहेबांशी चर्चा करावी आणि किरकोळ रजेच्या अर्जावर थेट हिरव्यात लिहून मोकळे व्हावे, हे तारतम्य शेजारच्या टेबलावरील वरिष्ठ लिपिक मॅडम नव्या मुलाला स्वतःच्या स्क्रीनवर दाखवतात तेव्हाच येते. अशा पाच मिनिटांच्या शिकवणीची नोंद कोणत्याही प्रमाणपत्रात होत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

कार्यालयाबाहेरच्या प्रशिक्षणाला कामाच्या ठिकाणच्या शिक्षणाची जोड द्यावी, हे या मिशनच्या मार्गदर्शक तत्त्वांतच नमूद आहे. प्रत्यक्षात अनेक कार्यालयांत किती अभ्यासक्रम पूर्ण झाले एवढाच आकडा मागवला जातो. मग महिनाअखेरीस एकीकडे चित्रफीत चालू आणि दुसरीकडे आवक-जावक नोंदी चालू, असा प्रकार दिसतो. हा दोष व्यासपीठापेक्षा ते राबवण्याच्या पद्धतीचा अधिक आहे.

म्हणून कार्यालयप्रमुखांना माझी विनंती आहे की, नव्या लिपिकाला टिपणी लेखनाचा अभ्यासक्रम दिल्यावर त्याच आठवड्यात एक साधी, जिवंत फाइल त्याच्या हाती द्यावी, त्याने लिहिलेली पहिली पिवळी टिपणी अनुभवी सहकाऱ्याने त्याच्यासमोर बसून तपासावी आणि त्या सहकाऱ्याचा हा वेळ कार्यविवरणात रीतसर काम म्हणून धरावा.