फक्त सोने दाखवणारे यंत्र

“पाण्यात चालणारा, मल्टी-फ्रिक्वेन्सी, दहा फुटांपर्यंत शोधणारा आणि फक्त सोने दाखवणारा मेटल डिटेक्टर” अशी जाहिरात पाहून आम्ही ३८,५०० रुपयांचे यंत्र घेतले आणि त्या एका वाक्यातील चारही गोष्टी खोट्या निघाल्या. समुद्रकिनाऱ्यासाठी पहिलेच यंत्र घेऊ पाहणाऱ्यांना, विशेषतः कोकणातील मंडळींना, हा व्यवहार कसा घडत गेला ते कळावे म्हणून लिहीत आहे. विक्रेत्याने आम्हाला करून दाखवलेले प्रात्यक्षिक मात्र पूर्णपणे खरे होते आणि सगळी मेख तिथेच आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात मालगुंडच्या बाजूला आमचा छोटा होम-स्टे आहे. हंगामात उतरणाऱ्या पाहुण्यांपैकी कोणाची ना कोणाची अंगठी किंवा साखळी किनाऱ्यावर हरवतेच. पाण्यात बोटे आकसतात, त्यावर क्रीमचा निसरडेपणा असतो, आणि लाटेत एकमेकांचे हात धरताना अंगठी कधी निसटली ते कळतही नाही. नव्या लग्नातली अंगठी वाळूत शोधत हिंडणारे जोडपे पाहवत नाही, म्हणून घरात एखादे यंत्र असावे असे सौ.च्या आणि माझ्या मनात बरेच दिवस होते.

जाहिरातीखालच्या क्रमांकावर संपर्क केल्यावर विक्रेत्याचा प्रतिनिधी घरी आला. तरुण, बोलायला अतिशय नम्र, ‘काका’ आणि ‘काकू’ शिवाय बोलत नसे. त्याने यंत्र पडवीतल्या लाकडी बाकावर असे ठेवले की कॉइल, म्हणजे खालची गोल तबकडी, बाकाबाहेर हवेत राहील. मग खिशातून तांब्याचा एक जुना पैसा काढून तो वीतभर अंतरावरून कॉइलसमोर फिरवला. यंत्र खणखणीत वाजले आणि पडद्यावर धातूचा प्रकार सुचवणारा स्थिर आकडा आला. सौ.ची अंगठी फिरवली तेव्हाही वाजले. लोखंडी खिळा फिरवला तेव्हा गप्प राहिले. यात हातचलाखी काहीच नव्हती. परंतु अंगणात चारी बाजूंना जांभ्याची लाल माती असताना त्याने कॉइल एकदाही जमिनीला लावली नाही. लोहयुक्त जमिनीवर साधे यंत्र गडबडते हे त्याला ठाऊक असणार, म्हणूनच हवेतली चाचणी. शिवाय तांब्याचा पैसा ही डिटेक्टरला अगदी सोपी जाणारी वस्तू आहे. आपला चालू एक रुपया समोर धरला असता तर चित्र वेगळे दिसले असते, कारण १९९२ पासूनचा रुपया चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा आहे आणि त्यावर अशा यंत्राचे आकडे डळमळतात.

३२,००० रुपये आगाऊ घेतले गेले. सीलबंद नवे यंत्र परदेशातून येईल असे सांगण्यात आले. त्यानंतर ‘पार्सल कस्टम्समध्ये अडकले आहे’ असा फोन आला आणि आणखी ६,५०० रुपये एका व्यक्तीच्या नावावरील यूपीआय खात्यात मागवले गेले. सीमाशुल्क सरकारजमा होते, त्याची पावती असते आणि ते कोणाच्या वैयक्तिक खात्यात जात नाही. पार्सल आले तेव्हा त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता देशातल्याच एका शहराचा होता, सीमाशुल्काची कोणतीही खूण नव्हती आणि आत बिल नव्हते. यंत्रावर एका नामांकित परदेशी कंपनीचे स्टिकर होते. त्यावरचा अनुक्रमांक पुढे त्या कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याला कळवला, तेव्हा असा क्रमांक कंपनीच्या नोंदीत नाही असे लेखी उत्तर मिळाले. ही चौकशी पैसे देण्यापूर्वी करता येते. विक्रेत्याकडून अनुक्रमांकाचा फोटो मागवायचा, एवढेच. खरा विक्रेता तो देतो.

किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखालच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत यंत्र बऱ्यापैकी चालले. बाटल्यांची बुचे सापडली, खिळे वगळले गेले. भरतीची रेघ ओलांडून ओल्या वाळूत पाऊल टाकताच मात्र ते अखंड किंचाळू लागले. कॉइल उचलली की गप्प, खाली नेली की आरडाओरडा. प्रतिनिधीला फोन केला. त्याचे उत्तर जसेच्या तसे देतो: “काका, खाली माल आहे म्हणूनच वाजतंय. तुमचा किनारा नशीबवान आहे.” यंत्रातला दोष हाच त्याच्या गुणाचा पुरावा म्हणून सांगितला गेला. अशा उत्तराला हुरळून खड्डे खणत बसणारे लोक असणारच, त्याशिवाय ते इतक्या सहज तोंडी आले नसते.

खरे कारण सरळ आहे. डिटेक्टरची कॉइल सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे जवळच्या धातूत विजेचे छोटे भोवरे उठतात आणि त्यांचा प्रतिसाद दुसरी कॉइल टिपते. समुद्राचे पाणी स्वतःच वीजवाहक असल्याने ओली वाळूही असाच प्रतिसाद देते. आमच्या पट्ट्यात त्यात आणखी भर पडते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, काळबादेवी आणि मालगुंडच्या बाजूला, इल्मेनाइट व मॅग्नेटाइटची काळी वाळू आहे. ओहोटीला वाळूवर जे काळे पट्टे उमटतात ते याच खनिजांचे. कागदात गुंडाळलेले चुंबक त्या पट्ट्यावरून फिरवले की त्याला काळी दाढी फुटते. मीठ आणि लोहखनिज यांचे प्रतिसाद वेगवेगळ्या प्रकारचे असतात आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र बदलण्याच्या एकाच वेगावर, चालणाऱ्या यंत्राला दोन्ही एकाच वेळी वजा करणे अवघड जाते.

याहून वाईट गोष्ट अशी की मिठाचा प्रतिसाद आणि पातळ सोन्याच्या अंगठीचा प्रतिसाद यंत्राच्या आकड्यांत जवळजवळ येतात. त्यामुळे गोंगाट बंद करण्यासाठी तो भाग वगळला की सोनेही वगळले जाते. हे आम्ही पडताळून पाहिले. सौ.च्या अंगठीला गळाचा नायलॉन दोरा बांधला, दुसरे टोक बांबूच्या खुंटीला अडकवले आणि ओल्या वाळूत तळहाताच्या रुंदीइतक्या खोलीवर ती पुरली. संवेदनशीलता अगदी खाली आणल्यावर यंत्र शांत झाले खरे, पण अंगठीवरून ते तितक्याच शांतपणे गेले. दोरा ओढून अंगठी बाहेर काढली. तो बांधला नसता तर किनाऱ्यावर हरवलेल्या अंगठ्यांत आमच्याच घरची एक जमा झाली असती.

‘मल्टी-फ्रिक्वेन्सी’ हा शब्दही नीट तपासून घ्यावा. काही यंत्रांत बटन दाबून अनेकांपैकी एक फ्रिक्वेन्सी निवडता येते, पण एका वेळी चालते ती एकच. किनाऱ्यावर उपयोग होतो तो एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर काम करून त्यांच्या प्रतिसादांची तुलना करणाऱ्या यंत्रांचा. माइनलॅब या ऑस्ट्रेलियन कंपनीचे २०१८ मध्ये आलेले इक्विनॉक्स हे त्या प्रकारचे ठळक उदाहरण आहे. आमच्या यंत्राचे बटन दाबले की पडद्यावरचा आकडा तेवढा बदलत असे, वागणुकीत कसलाही फरक पडत नसे. दुसरा पर्याय पल्स इंडक्शनचा. हे यंत्र विजेचा झटका सोडून थांबते आणि प्रतिसाद कसा विरत जातो ते ऐकते. मिठाचा प्रतिसाद लगेच विरतो, धातूचा थोडा टिकतो, म्हणून ओल्या वाळूतही ते शांत राहते. परंतु लोखंड आणि सोने यांत ते नीट फरक करत नाही. जिथे होड्या ओढल्या जातात तिथे प्रत्येक गंजका खिळा खणून काढण्याची तयारी असेल तरच ते घ्यावे.

पाण्यात चालण्याचेही असेच आहे. बहुतेक स्वस्त यंत्रांची फक्त कॉइल जलरोधक असते, वरची पेटी नसते. जाहिरातीत अख्खे यंत्र पाण्याखाली दाखवले होते. प्रत्यक्षात बॅटरीचे झाकण उघडून पाहिले तर त्याला रबरी वॉशरच नव्हता, नुसते प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक. उलट, यंत्र खरोखर जलरोधक असले म्हणून ते खाऱ्या वाळूसाठी उत्तम ठरते असेही नाही. तुर्कस्तानच्या नोक्ता कंपनीचे सिम्प्लेक्स प्लस पाण्यात बुडवता येते, त्यात किनाऱ्यासाठी वेगळा मोडही आहे, पण ते १२ किलोहर्ट्झ या एकाच फ्रिक्वेन्सीवर चालते. कंपनी तसे स्पष्ट लिहिते, त्यामुळे तिथे तक्रारीला जागा राहत नाही.

दहा फूट खोलीच्या दाव्याबद्दल फार लिहायला नको. वस्तूचे अंतर कॉइलच्या आकाराच्या पुढे गेले की परतीचा प्रतिसाद अंतराच्या साधारण सहाव्या घाताने घटतो, म्हणजे अंतर दुप्पट झाले तर तो चौसष्टपट क्षीण होतो. नाणे किंवा अंगठी चांगल्या यंत्रालाही वीतभर, फार तर फूटभर खोलीवर सापडते. ‘फक्त सोने’ दाखवणारे यंत्र तर अस्तित्वातच नाही. शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी यांचे आकडे सारखेच येऊ शकतात, आणि ज्याला अंगठी हवी त्याला कड्या खणाव्याच लागतात.

पैसे परत मागितल्यावर व्यवहाराचा खरा दुसरा अंक सुरू झाला. तोच प्रतिनिधी पुन्हा आला आणि हे यंत्र परत घेऊन, वर ६०,००० रुपये घेऊन ‘लाँग रेंज लोकेटर’ देण्याची तयारी त्याने दाखवली. पिस्तुलासारखी मूठ, पुढे सैल फिरणारी अँटेना, आणि अर्ध्या किलोमीटरवरचे सोने दाखवण्याची हमी. पहिले यंत्र निदान डिटेक्टर तरी होते, हे तेही नव्हते. आम्ही पडवीत पाच करवंट्या पालथ्या घातल्या आणि एकीखाली अंगठी ठेवली. तो पाहत असताना अँटेना दर वेळी बिनचूक वळली. नंतर त्याला मागच्या परसात पाठवले, भाच्याला अंगठी लपवायला सांगितली आणि भाच्यालाही घराबाहेर घालवले, कारण लपवणाऱ्याची नजरसुद्धा जागा सांगून जाते. मग अँटेना भलतीकडेच वळू लागली. एकदा बरोबर करवंटी निघाली, पण पाचांत एक हे नुसत्या अंदाजानेही जमते. “बाहेर मोबाइल टॉवर आहे, काका,” एवढे बोलून त्याने यंत्र पेटीत भरले.

अशा अँटेनांचा इतिहास माहीत असलेला बरा. मनगटाच्या नकळत होणाऱ्या कलाने ती दांडी फिरते, आत काहीही नसले तरी चालते. ब्रिटनच्या जेम्स मॅकॉर्मिकने गोल्फचे चेंडू शोधण्याच्या खेळण्यातून घडवलेले एडीई ६५१ नावाचे असलेच उपकरण इराकमध्ये स्फोटके शोधण्यासाठी विकले. तिथल्या तपासणी नाक्यांवर ते वापरले गेले आणि २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने मॅकॉर्मिकला दहा वर्षांची शिक्षा दिली. आपल्याकडे हीच दांडी गुप्तधनाच्या नावाने खपते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांचा उल्लेख आहे, परंतु मांत्रिकाच्या जागी बॅटरी आणि दिवे असलेले खोके आले की लोकांना ते विज्ञान वाटू लागते.

तक्रार करू असे सांगताच नम्रपणा संपला. “गुप्तधन शोधता म्हणून तुम्हीच आत जाल,” अशी धमकी फोनवर मिळाली. बहुतेक फसवलेले लोक इथेच गप्प बसत असावेत, म्हणून कायदा काय म्हणतो ते सांगतो. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू आहे आणि जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडला तर त्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. संरक्षित स्मारकांच्या आवारात खणणे हा वेगळा गुन्हा आहे, त्यामुळे किनारी किल्ल्यांच्या आसपास यंत्र नेऊच नये. पाहुण्याची कालपरवा हरवलेली अंगठी शोधून त्याला परत देणे ही गोष्ट निराळी आहे, ती स्वतःकडे ठेवली तर मात्र अपहाराचा प्रश्न येतो. १९९३ मध्ये रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर स्फोटके उतरल्यापासून आपल्या किनारपट्टीकडे पोलीस संशयाने पाहतात. म्हणून यंत्र फिरवण्यापूर्वी ग्रामपंचायतीला आणि सागरी पोलीस ठाण्याला सांगून ठेवणे शहाणपणाचे. आम्ही तसे लेखी कळवले होते. त्याची पोच दाखवताच धमक्यांचे फोन थांबले.

तक्रार १९३० या सायबर हेल्पलाइनवर नोंदवली. ही तक्रार जितकी लवकर होईल तितके बरे, कारण पैसा तासातासाला पुढच्या खात्यांत सरकतो. आमच्या बाबतीत बराच काळ लोटला होता, तरी खात्यात उरलेली थोडी रक्कम बँकेने गोठवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातही दावा दाखल करता येतो, त्यामुळे रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. विक्रेत्याच्या शहरात हेलपाटे घालावे लागत नाहीत ही मोठी सोय आहे. बिल नसल्यामुळे यूपीआयचे व्यवहार क्रमांक, व्हॉट्सॲपवरचे संदेश, पार्सलवरचे लेबल आणि पार्सल उघडतानाचे चित्रण हाच आमचा पुरावा आहे. भ्रमणध्वनीतील संदेशांसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते, तेव्हा जुना मोबाइल विकू नये आणि त्यातले काही पुसू नये.

नवे यंत्र अद्याप घेतलेले नाही. घेऊ तेव्हा विक्रेत्याला ओहोटीच्या वेळी बोलावू, भरतीच्या रेघेखाली काळ्या पट्ट्यावर उभे करू आणि दोरा बांधलेली अंगठी त्याच्या पाठीमागे पुरू. या अटीला दोन विक्रेत्यांनी आतापर्यंत नकार दिला आहे, एकाने होकार कळवला आहे. जुने यंत्र पुरावा म्हणून कापडात बांधून ठेवले आहे. वकिलांच्या सूचनेवरून त्याच्या बॅटऱ्या तेवढ्या काढून वेगळ्या पिशवीत ठेवल्या, कारण वॉशर नसलेल्या त्या झाकणाच्या आत पहिल्याच पावसाळ्यात हिरवा थर धरू लागला होता आणि सुनावणीपर्यंत स्टिकरवरचा क्रमांक वाचता येणे आवश्यक आहे.