ओल्या कचऱ्याचं खत: भोकांची बादली की गांडुळांचा टब?

खर्चात बादली सरस. वीस लिटरची जुनी बादली, तळाला-बाजूंना भोकं, सुका पालापाचोळा, झालं. गांडुळं विकत आणावी लागतात.

मेहनत बादलीला जास्त: ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच पाला, दर 3-4 दिवसांनी खालीवर. मूठभर मिश्रण दाबल्यावर पाणी टपकलं तर ओल जास्त आहे, वास त्यानेच येतो; पाला वाढवा. पांढऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचराच खातात.

गांडुळं ढवळायची नसतात, पण फार नाजूक. लिंबाच्या साली, तेल-मिठाचं उरलेलं अन्न, 35 अंशांवरची उष्णता त्यांना सोसत नाही. खत मात्र चहाच्या भुकटीसारखं बारीक मिळतं.

उन्हाची गॅलरी असेल तर बादलीच घ्या. सावलीची जागा आणि फक्त भाज्यांची देठं-सालं निघत असतील, तर गांडुळं.