फर्स्ट पीस ओके होता

नाशिकच्या सातपूरला माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक म्हातारा लेथ, चार माणसं, आणि जॉबवर्क. आमच्याकडे एक नियम कुणी मोडत नाही: पहिला पीस काढायचा, मोजायचा, ड्रॉइंगला बसला तरच लॉट चालू करायचा. माझे यूएसडीटी, म्हणजे डॉलरला बांधलेली क्रिप्टो नाणी, एका वॉलेटमधून दुसऱ्यात नेताना मी हाच नियम पाळला, आणि त्यातच मी फसलो. गेलेली रक्कम ५,९८० यूएसडीटी, तेव्हाच्या भावाने सव्वापाच लाखांच्या थोडी वर. आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत तेवढंच शोधत बसतो.

लिहायचं कारण असं की जो तो सांगतो, 'आधी छोटी रक्कम पाठवून बघा'. बरोबरच आहे ते. पण छोटी रक्कम पोचल्यावर दुसऱ्या खेपेला काय होऊ शकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मशीन बंद असताना थोडं थोडं बिटकॉइन घेतलं होतं. मग जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजवर हल्ला झाला, सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो गेली आणि लोकांचं पैसे काढणं बंद पडलं. माझं खातं तिथे नव्हतं, दुसऱ्या एक्स्चेंजवर होतं. पण आमच्या चहाच्या टपरीवर ज्याला ज्याला क्रिप्टोतलं काही कळतं तो एकच पाठ म्हणू लागला: चाव्या, म्हणजे रक्कम हलवायचे गुप्त संकेत, आपल्याकडे नाहीत तर नाणीही आपली नाहीत. एक्स्चेंज म्हणजे दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवलेला माल, तो आपल्या वॉलेटमध्ये आणा. म्हणणं खोटं नाही. मी हार्डवेअर वॉलेट मागवलं. पेनड्राइव्हसारखं दिसतं, चाव्या त्याच्या आत राहतात.

इथे एक आगाऊपणा केला. बिटकॉइन तसंच न नेता आधी एक्स्चेंजवरच त्याचे यूएसडीटी करून घेतले. म्हटलं डॉलरला बांधलेलं आहे, भाव हलणार नाही, आणि ट्रॉन या क्रिप्टो व्यवहारांच्या नेटवर्कवरून पाठवायला सोपं. याचा हिशेब पुढे येईल, तो वेगळाच दुखतो.

यंत्र यायला आठ दिवस होते. तेवढा धीर नव्हता. फोनवर एक वॉलेट ॲप घेतलं, त्याच्या चाव्या परत मिळवून देणारे बारा शब्द वहीत लिहिले, आणि एक्स्चेंजवरून ६,००० यूएसडीटी फोनमध्ये आणले. एक्स्चेंजने नवीन पत्ता (वॉलेटचा खाते क्रमांकच म्हणा) म्हणून २४ तास थांबवलं, ओटीपी मागितले, ईमेलवर खात्री करून घेतली. तेव्हा वैताग आला होता. आता वाटतं, सगळ्या प्रवासात मला थांबवणारं तेवढं एकच कुणीतरी होतं. ट्रॉनवर यूएसडीटी हलवायला फी मात्र टीआरएक्समध्ये, म्हणजे ट्रॉनच्या स्वतःच्या नाण्यात लागते, ते नसेल तर रक्कम समोर दिसते आणि जागची हलत नाही. म्हणून थोडे टीआरएक्सही आणून ठेवले.

मग यंत्र आलं. डबा सीलबंद आहे ना पाहिलं. शब्द लिहायचं कार्ड कोरं आहे ना पाहिलं, कारण आधीच शब्द भरलेलं कार्ड घालून यंत्र विकणारेही असतात, मग त्या तिजोरीची दुसरी किल्ली विकणाऱ्याकडेच राहते. चोवीस शब्द कागदावर उतरवले, फोटो काढला नाही. पासबुकं ठेवतो त्या कपाटात कागद ठेवला. एवढं सगळं नीट केलं.

शनिवारी संध्याकाळी फर्स्ट पीस. यंत्राच्या छोट्या पडद्यावर माझा पत्ता आला. ट्रॉनचा पत्ता ३४ अक्षरांचा असतो, सुरुवात नेहमी इंग्रजी टी ने. माझा टी-क्यू-नऊ असा सुरू होऊन के-चार-एम-सात असा संपत होता. तो फोनमध्ये घेतला, यंत्राच्या पडद्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला आणि २० यूएसडीटी पाठवले. मिनिटभरात पोचले. यंत्राच्या ॲपमध्ये २० दिसले. पीस ओके. फी रकमेवर नसते, वीसला जेवढी तेवढीच सहा हजारांना, त्यामुळे पुष्कळ जण ही चाचणी टाळतात. मी टाळली नाही याचं स्वतःलाच कौतुक वाटलं.

उरलेले लगेच पाठवायचे होते. तेवढ्यात एका कस्टमरचा फोन आला, शाफ्टचा लॉट रिजेक्ट झाला म्हणून अर्धा तास बोलणी खाल्ली. मग जेवायला बसलो. ही म्हणाली, "अहो, आता डोळे लाल झालेत, उद्या सकाळी करा." उद्यावर टाकलं.

रविवारी सकाळी चहा घेऊन बसलो. यंत्र कपाटात होतं. ते काढा, वायर जोडा, पिन टाका, कोण करत बसणार? पत्ता तर फोनच्या हिस्टरीत आहेच, काल त्याच पत्त्यावर वीस पाठवलेत की. हिस्टरी उघडली. सगळ्यात वर 'पाठवले' अशी ओळ, पत्ता टी-क्यू-नऊ, मग तीन ठिपके, मग के-चार-एम-सात. पत्त्यावर बोट ठेवलं, कॉपी झाला. पेस्ट केला. पुढची अक्षरं पाहिली, मागची पाहिली. जुळली. ५,९८० टाकले, बोटाचा ठसा दिला. हिरवी खूण आली.

यंत्राच्या ॲपमध्ये २० च.

दहा मिनिटं वाट पाहिली. ॲप बंद करून चालू केलं. वाय-फाय बंद करून डेटावर गेलो. फोनच म्हणत होता, रक्कम पोचली. मग भाच्याला फोन लावला. तो हिंजवडीत कामाला आहे, त्याला यातलं कळतं. त्याने ट्रॉनस्कॅनवर, म्हणजे ट्रॉनचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, माझा पत्ता टाकला आणि थोडा वेळ काहीच बोलला नाही.

"मामा, काल संध्याकाळी शून्य यूएसडीटी कुणाला पाठवलेत?"

"शून्य कोण कशाला पाठवेल?"

"पाठवलेत असं दिसतंय. वीस पाठवल्यावर सतरा मिनिटांनी. आणि आज सकाळचे सगळे त्याच पत्त्यावर गेलेत."

मग त्याने मला दोन्ही पत्ते कागदावर एकाखाली एक लिहायला लावले, पूर्ण ३४ अक्षरं. टी-क्यू-नऊ, टी-क्यू-नऊ. के-चार-एम-सात, के-चार-एम-सात. मधली सत्तावीस अक्षरं भलतीच. आमच्या भाषेत सांगायचं तर शाफ्टची दोन टोकं मायक्रोमीटरने मोजली आणि मधला व्यास मोजलाच नाही.

हे जमतं कसं, ते भाच्याकडून तीन-चारदा समजून घेतलं. ट्रॉनवरचा प्रत्येक व्यवहार सगळ्यांना दिसतो. चोरांचे प्रोग्रॅम तो प्रवाह चोवीस तास बघत बसलेले असतात. कुणी कुणाला रक्कम पाठवली की ते पाठवलेल्या पत्त्यासारखाच टोकांनी जुळणारा पत्ता तयार करतात. पत्ता हवा तसा मागून मिळत नाही, चाव्या काढत राहायच्या आणि जुळणारा पत्ता निघेपर्यंत थांबायचं. या पत्त्यांत ५८ चिन्हं वापरतात. नुसती शेवटची चार जुळवायला ५८ चा चौथा घात, म्हणजे सरासरी १ कोटी १३ लाख प्रयत्न. पुढची दोन-तीन धरली की आकडा अब्जांत जातो. माणसाला हे अशक्य वाटतं. गेम खेळायच्या ग्राफिक कार्डाला वाटत नाही.

मग त्या पत्त्यावरून तुमच्या हिस्टरीत एक ओळ घुसवायची. कधी एका पैशापेक्षाही कमी किमतीची धूळ पाठवतात, ती 'आले' म्हणून दिसते. माझ्या बाबतीत त्याहून चलाखी होती. यूएसडीटीच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे ते चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दुसऱ्याच्या पत्त्यावरून रक्कम हलवायला त्याची आधी दिलेली परवानगी लागते, पण रक्कम शून्य असेल तर परवानगीही शून्यच पुरते. म्हणून चोराने माझ्या नावाने शून्य यूएसडीटी स्वतःच्या पत्त्यावर 'पाठवले'. माझी चावी त्याच्याकडे नाही, माझा फोन हॅक नाही, बारा शब्द वहीतच. तरी हिस्टरीत ओळ अशी, जणू ती मीच केली. काही वॉलेट आता शून्याच्या ओळी लपवतात. माझं लपवत नव्हतं, आणि ठिपके टाकून मधली अक्षरं झाकण्याची सोय मात्र मनापासून करत होतं.

यात मी अडाणी ठरलो असं कुणाला वाटत असेल तर मे २०२४ चं उदाहरण आहे. याच युक्तीने एकाचे १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (बिटकॉइनला बांधलेलं टोकन) गेले, सुमारे ७ कोटी डॉलरचे, तेही आधी छोटी चाचणी रक्कम पाठवून झाल्यावर. त्याच्या चोराने पुढे बहुतेक रक्कम परत केली, कारण एवढ्या मोठ्या पैशावर सगळ्या जगाची नजर लागली होती. माझ्या सहा हजारांकडे कोण बघतंय!

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार भरली, पोचक्रमांक मिळाला. सोमवारी पोलीस ठाण्यात गेलो. बोलणं नीट झालं, कुणी हसलं नाही. पण पहिला प्रश्न, "पैसे कोणत्या बँकेत गेले?" म्हटलं, साहेब, बँकच नाही. बँकेच्या फसवणुकीत लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते, सगळी घडी त्याच हिशेबाने बसवलेली आहे. यूएसडीटी काढणारी टेथर कंपनी एखादा पत्ता गोठवू शकते, हे खरं. चोरालाही ते ठाऊक असतं, म्हणून तो यूएसडीटी फार वेळ यूएसडीटी ठेवत नाही. मी वाय-फाय चालू-बंद करत होतो तोवर माझे दोन पत्त्यांत वाटले जाऊन दुसऱ्या टोकनमध्ये बदललेही होते. हे सगळं ट्रॉनस्कॅनवर दिसतं. चोर पैसे घेऊन चाललाय हे वेळेसकट बघायचं आणि हातात काही नाही. एक्स्चेंजचा यात दोष नाही, त्यांच्याकडून रक्कम माझ्याच पत्त्यावर बरोबर आली होती.

आता तो हिशेब. बिटकॉइनचे यूएसडीटी करणं हीसुद्धा आपल्या कायद्यात विक्रीच. तेव्हा १ टक्का टीडीएस कापला गेला होता, आणि नफ्यावर ३० टक्के कर अधिक सेस. सीएंना विचारलं, चोरीला गेलेले वजा होतील का? ते म्हणाले, क्रिप्टोच्या कराच्या कलमात खरेदीची किंमत सोडून काहीच वजा होत नाही. चोराच्या खिशात गेलेल्या नफ्याचा कर मी भरला. कर भरल्याच्या चलनाची प्रत फाइलला आहे.

दुसरी चोरी व्हायची थोडक्यात वाचली. रागाच्या भरात एका टेलिग्राम ग्रुपवर सगळं लिहिलं, व्यवहाराच्या क्रमांकासकट. अर्ध्या तासात तिघांचे मेसेज. एक तर चक्क मराठीत, "दादा, माझ्या काकांचंही असंच झालेलं." त्याने माझ्या पैशांचा सगळा प्रवास आकृती काढून पाठवला. मी भारावून गेलो. अरे, हे तर कुणालाही दिसतं, हे मला दोन दिवस आधीच कळलं होतं, तरी भारावलो! फंड गोठवलाय, सोडवायला ३०० यूएसडीटी फी, आणि वॉलेट 'सिंक' करायला चोवीस शब्द एका पानावर भरायचे. मी कपाटातून कागद काढला, खोटं कशाला सांगू. हिने विचारलं, "काय करताय?" सांगितलं. ती म्हणाली, "ज्याला एवढं सगळं सोडवता येतं, त्याला स्वतःचे तीनशे त्यातूनच कापून घेता येत नाहीत?" कागद परत कपाटात गेला. 'दादा'ने त्या दिवशी सतरा मेसेज केले, शेवटचे दोन शिव्यांचे.

आता पद्धत अशी. हिस्टरीतून पत्ता उचलायचा नाही, कधीच नाही. दर वेळी यंत्र काढायचं, त्याच्या पडद्यावर पत्ता आणायचा, यंत्राच्या ॲपवरचा क्यूआर फोनने स्कॅन करायचा आणि मग ही पडद्यावरून चार-चार अक्षरं वाचते, मी फोनवर बघतो. नऊ टप्पे होतात, शेवटच्या टप्प्यात दोनच अक्षरं उरतात. शेजारच्यांना वाटतं आम्ही लॉटरीचा निकाल बघतोय. तो पत्ता आता वॉलेटच्या ॲड्रेस बुकमध्ये नाव देऊनही ठेवलाय, तरी वाचून घेतोच. आणि चाचणीची रक्कम व मोठी रक्कम यांच्यामध्ये झोपायचं नाही. पाठवायचं तर एकाच बैठकीत, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

यंत्रात ते २० यूएसडीटी अजून आहेत. गेल्या महिन्यात भाच्याने मला दाखवायला म्हणून फोनच्या वॉलेटमधून ५ यूएसडीटी त्याच यंत्रावर पाठवायला लावले आणि घड्याळ लावून बसलो. अकरा मिनिटांनी हिस्टरीत नवी ओळ आली: पाठवले, शून्य, टी-क्यू-नऊ, तीन ठिपके, के-चार-एम-सात.