साडेसहाशेचा डोंगल, साडेनऊचं अ‍ॅव्हरेज आणि माझा डावा गुडघा : आठ महिन्यांनंतर

आधी गुडघ्याचं सांगतो, कारण हा डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरला लावून इंजिनाचे आकडे फोनवर दाखवणारी डबी) विकणारा कुणीही ते सांगत नाही.

आमच्या गाडीत ओबीडी पोर्ट, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा सॉकेट, स्टीअरिंगच्या खाली, किंचित डावीकडे आहे. डोंगल लावला की तो बोटभर बाहेर येतो, आणि क्लच दाबून पाय वर घेताना दर वेळी गुडघ्याच्या वाटीवर बसतो. सिंहगड रोडवर संध्याकाळी सातला किती वेळा क्लच दाबावा लागतो हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. पहिल्या आठवड्यात आयोडेक्स लागलं. एवढीशी वस्तू, तिचं तोंड काटकोनात वळवायला कंपनीला काय झालं होतं, हा प्रश्न मला आजही पडतो.

आता मुद्दा. गाडी २०१० ची, पेट्रोल, सव्वा लाख किलोमीटर झालेली. पंधरा वर्षं भरली म्हणून ग्रीन टॅक्स वगैरे भरून पुढची पाच वर्षं मिळवली. म्हणजे ती विकायची नाही हे ठरलेलं, आणि अ‍ॅव्हरेज ९.६. पूर्वी शहर-हायवे मिळून साडेतेरा द्यायची. हे आकडे हवेतले नाहीत. गाडी घेतल्यापासूनची पेट्रोलची वही आहे माझ्याकडे. नेहमीचा पंप, पहिला ऑटो कट पडला की थांबायचं, किलोमीटर लिहायचे. पंपावरचा पोरगा "काका, राउंड फिगर करू का?" म्हणतो आणि मी नाही म्हणतो. एव्हाना तो विचारायचा थांबला आहे.

गॅरेजवाल्यांची मतं ऐकून झाली होती. एक म्हणाला, गाडी म्हातारी झाली. दुसऱ्याने प्लग, एअर फिल्टर बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, अठ्ठावीसशे घेतले, अ‍ॅव्हरेज ९.८. तिसऱ्याने इंजेक्टर बदलायचं काढलं, तेव्हा मी गाडी घेऊन घरी आलो.

मेव्हण्याने दोन वर्षांपूर्वी याच पोर्टमध्ये लावायचा एक "फ्यूल सेव्हर" दिला होता. "दाजी, दोन-तीनने वाढतंय बघा." वाढलं काहीच नाही, फक्त हिरवा दिवा लुकलुकायचा. एका रविवारी स्क्रू ड्रायव्हरने उघडला. आत तीन एलईडी, एक बटण आणि नखाएवढी चिप. डेटाच्या पिनांपासून निघालेली रेष कुठेच पोचत नव्हती. म्हणजे ती वस्तू गाडीशी बोलतच नव्हती, नुसती वीज खाऊन डोळे मिचकावत होती. त्यामुळे दिवाळीनंतर ईएलएम ३२७ चिपवाला ब्लूटूथ डोंगल मागवताना घरात जे ऐकून घ्यावं लागलं ते योग्यच होतं. ६४० रुपये. पासवर्ड १२३४, फोनवर मोफत अ‍ॅप.

(जुनी गाडी असणाऱ्यांनी घेण्याआधी स्टीअरिंगखाली हात घालून बघा, सोळा खाचांचा सॉकेट आहे का. आपल्याकडे ओबीडी-२ सक्तीचं झालं एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या गाड्यांत सॉकेट असेलच असं नाही, आणि असला तरी डोंगलशी बोलेलच असं नाही. माझं नशीब.)

पहिल्या महिन्यात माझं मत होतं : पैसे पाण्यात. एरर कोड शून्य. इंजिनचा दिवा तर कधी लागलाच नव्हता. अ‍ॅपवरचं "लाइव्ह मायलेज" १६-१७ दाखवायचं आणि वही दहाच्या आत. या गाडीत हवा मोजणारा सेन्सर नाही, अ‍ॅप दाबावरून आणि आपण भरलेल्या इंजिनाच्या आकारावरून अंदाज ठोकतं. तो अंदाज सुनेने सासूच्या स्वयंपाकाला मार्क द्यावेत तसा, कायम चढाच. ते पान मी बंदच केलं.

मग जानेवारीत कऱ्हाडला जाताना, खेड शिवापूरचा टोल सोडल्यावर, बायकोच्या हातात फोन होता. तिने सहज विचारलं, "हे कूलंट एकसष्ट म्हणजे काय?"

एकसष्ट. पाऊण तास गाडी पळतेय, ऐंशीचा वेग, आणि इंजिनाचं पाणी ६१ अंश. मी म्हटलं, सेन्सर गेला असेल. शिरवळला चहाला थांबलो, गाडी चालू ठेवली, आकडा हळूहळू ७८ झाला. पुन्हा हायवेला लागलो, वारा लागला, परत ६३. म्हणजे सेन्सर ठीक होता. इंजिनच गार होतं.

आमच्या गाडीत टेंपरेचरचा काटा नाही. फार तापली तर लाल दिवा लागतो. पुरेशी तापतच नाही, हे सांगणारं डॅशबोर्डवर काहीच नाही. इथे मला तीन वर्षांपूर्वीचा खंबाटकी घाट आठवला. गाडी घाटात तापली होती, आम्ही ती पलीकडच्या एका गॅरेजात नेली होती. तासाभराने "काम झालं, आता आयुष्यात तापणार नाही" म्हणून त्याने नऊशे घेतले होते.

रविवारी थर्मोस्टॅटचं (इंजिनाचा ताप राखणाऱ्या वॉल्व्हचं) हाउसिंग उघडलं. दोन बोल्ट, दहाचा पाना. आत वॉल्व्ह नव्हताच! नुसता राखाडी सिलिकॉनचा थर, त्यावर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा. शब्दाचा पक्का माणूस : खरंच आयुष्यात तापणार नव्हती.

आमच्या कॉलनीतल्या मेकॅनिकला दाखवलं तर त्याला त्यात नवल वाटलं नाही. "काका, आपल्याकडं कुठं एवढी थंडी पडती? तो वॉल्व्ह फॉरेनसाठी असतो. सगळेच काढतात."

सगळेच काढतात हे खरं असावं, म्हणून थोडं सविस्तर. थर्मोस्टॅट वॉल्व्ह इंजिन गार असताना रेडिएटरची वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन पटकन तापतं. मग वाट उघडतो आणि ताप नव्वदच्या आसपास राखतो. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं, अजून सकाळच आहे. तो पेट्रोल जास्त सोडतो, आयडलिंग चढं ठेवतो (आमचं हजाराच्या वर असायचं, मी त्याला "जोमदार" समजायचो), आणि ऑइलही हवं तेवढं पातळ होत नाही. ज्यांनी जुनी स्कूटर चालवली आहे त्यांच्यासाठी : मी तीन वर्षं चोक ओढून गाडी चालवत होतो. आणि घाटात गाडी तापली होती ती वॉल्व्हमुळे नव्हेच. रेडिएटर फॅनचा रिले (फॅन चालू करणारा स्विच) अधूनमधून दगा देत होता, हे आता कळलं.

नवीन वॉल्व्ह ४८० रुपये. त्यावर ८२ असं कोरलेलं असतं, म्हणजे ८२ अंशांना उघडायला लागतो. बसवण्याआधी दुधाच्या पातेल्यात पाणी घेऊन गॅसवर ठेवला, दोऱ्याने टांगून, शेजारी थर्मामीटर. ऐंशीपर्यंत ढिम्म. ब्याऐंशी-त्र्याऐंशीला मधली चकती केसभर हलली, नव्वदीपर्यंत चांगली उघडली. एवढं समाधान मला गेल्या वर्षात दुसऱ्या कशाने मिळालेलं नाही. पातेलं नंतर नवीन आणून द्यावं लागलं, तो खर्च मी यात धरलेला नाही.

वॉल्व्ह, कूलंट, रिले, मजुरी धरून सतराशेच्या आत. पुढच्या दोन टाक्यांचं अ‍ॅव्हरेज ११.३. फेब्रुवारीत खंबाटकी चढताना माझं अर्धं लक्ष फोनवर. ९१, ९४, ९६, मग फॅनचा घर्र आवाज, आणि परत ९२. "रस्त्याकडे बघा," असं दोनदा ऐकून घेतलं.

त्या भरात मी चार जणांना डोंगल घ्यायला लावले. आता ते मत थोडं आवरतं घेतो. कारण पुढचा एक किलोमीटर सापडला तो डोंगलने नाही, हाताने. मार्चमध्ये गाडी थांबवून सहज चारही चाकांच्या रिमला हात लावला तर पुढचं डावं चटका बसेल इतकं गरम, बाकीची कोमट. ब्रेक कॅलिपरची पिन गंजून अडकली होती, म्हणजे एक चाक कायम ब्रेक लावूनच फिरत होतं. पिना साफ करून ग्रीस, सहाशे रुपये. टायरमध्येही २६ हवा होती, ती दाराच्या आतल्या स्टिकरप्रमाणे ३३ केली. अ‍ॅव्हरेज १२.४. यातलं एकही डोंगलला दिसत नाही. त्याला इंजिन कळतं, चाकं कळत नाहीत.

साडेतेरा परत का येत नाही? त्याचं उत्तर बहुतेक पंपातच आहे. आता मिळतं ते ई-२० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी. जुन्या चारचाक्यांचं अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल हे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं होतं. साडेतेराचे सात टक्के काढून बघा. त्यापुढे पाना घेऊन जाण्यात अर्थ नाही, म्हणून मी थांबलो.

महिन्याला सातशे किलोमीटर, लिटरला १०४ धरले तर सतराशे रुपये वाचतात. सगळा खर्च दोन महिन्यांत निघाला. बॅटरी सोडून.

बॅटरीचं राहिलंच. हा डोंगल गाडी बंद केली तरी झोपत नाही. निळा दिवा रात्रभर चालू. मे महिन्यात सतरा दिवस गावाला होतो, एसटीने गेलो होतो. परत आलो तर किल्ली फिरवल्यावर नुसतं टक. वॉचमन आणि इस्त्रीवाल्याने धक्का दिला तेव्हा गाडी सुरू झाली. बॅटरी चार वर्षांची होती, तिला निमित्तच हवं होतं, पण ते या दिव्याने दिलं. तेव्हापासून आठवड्यातून एकदा लावतो, दहा मिनिटं ताप बघतो, काढून ठेवतो.

गुडघ्यासाठी अडीचशेची एक्स्टेन्शन वायर आणली होती. तिचं टोक क्लचजवळ लोंबायला लागलं तेव्हा घाबरून काढली. म्हणजे ती अडीचशे गेली.

सध्या डोंगल मेव्हण्याकडे आहे. "दाजी, दोन दिवसांत देतो" म्हणाला होता, त्याला आता तीन आठवडे होतील. गुडघा बरा आहे.