सांगलीच्या विश्रामबागमधील अर्थनियोजन सल्ला : आमचा अनुभव

ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीतील आमच्या दुकानात छातीइतके पाणी शिरले आणि मुलीच्या शिक्षणासाठी राखलेली ठेव मुदतीआधीच मोडावी लागली. आम्ही ज्या सल्लागारांकडे गेलो, ते सेबीकडे (शेअर बाजार आणि गुंतवणूक सल्लागारांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे) नोंदणीकृत असून केवळ ठरलेली फी घेतात, त्यामुळे पॉलिसी गळ्यात मारण्याचा प्रकार झाला नाही. पहिल्याच बैठकीत त्यांनी आमची खर्चाची वही मागून घेतली, प्रत्येक महिन्याच्या बेरजेखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि सहा महिन्यांचा घरखर्च सहज काढता येईल अशा ठेवीत बाजूला टाकल्याशिवाय पुढचे काही ठरवू नका, असे निक्षून सांगितले. मला हेच सर्वांत मोलाचे वाटले. एका बँकेतील ठेवींना व्याजासह 5 लाखांपर्यंतच विमासंरक्षण असते, हे कळल्यावर आम्ही रक्कम दोन बँकांत विभागली. धाकटी आठ वर्षांची असल्याने सुकन्या समृद्धी खातेही वेळेत उघडले. मुलीला दहा वर्षे पूर्ण झाल्यावर ते उघडता येत नाही. दुकानाच्या विम्यात पुराचे नुकसान धरले आहे का, हा प्रश्न मात्र आम्हालाच काढावा लागला. कृष्णाकाठच्या गावात तो सल्लागाराने आधी विचारायला हवा. लेखी आराखडाही तीन आठवडे उशिरा हाती आला.